आकडेमोड आणि अमूर्त बीजगणित

महाराष्ट्रातील विद्यापीठांत अमूर्त बीजगणित ज्या क्रमाने शिकवले जाते, तो क्रम तर्काच्या दृष्टीने निर्दोष असला तरी हा विषय ज्या क्रमाने घडला त्याच्या तो नेमका उलटा आहे. प्रथम गटाची व्याख्या फळ्यावर येते: एक संच, त्यावरील एक क्रिया, साहचर्याचा नियम, इतरांना न बदलणारा एक अविकारक घटक आणि प्रत्येक घटकाचा व्यस्त. तिच्यामागून वलय येते, ज्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात. मग क्षेत्र येते, ज्यात शून्य वगळता कोणत्याही घटकाने भागताही येते. आणि उदाहरणे या व्याख्यांच्या मागून, वेळ उरलाच तर, येतात. या क्रमामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते की आकडेमोड ही शाळेत मागे टाकून आलेली गोष्ट असून अमूर्त बीजगणित हे तिच्याशी नाते नसलेले, नियमांतून नियम काढण्याचे शास्त्र आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की ही समजूत चुकीची आहे. अमूर्त बीजगणितातील प्रत्येक मोठी संकल्पना एखादी आकडेमोड का यशस्वी होते किंवा नेमकी कोठे अडते या प्रश्नातून जन्मली असून, तो प्रश्न दडवून ठेवला की संकल्पनाही निर्जीव होते.

या प्रतिपादनाचा एक भक्कम पुरावा खानदेशाच्या इतिहासात आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात असलेल्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून असे कळते की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणलेल्या या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारातील उलाढालीवरचे कोणते हक्क मठाकडे जावेत आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यावे, याची तपशीलवार नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी १११४ मध्ये जन्मलेल्या आणि ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणाऱ्या या गणितज्ञाचे ग्रंथ खानदेशात बाजारपेठेच्या खर्चाने शिकवले जात होते, एवढे या लेखावरून निश्चित होते.

‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात वर्गप्रकृतीचा एक प्रश्न येतो: अशी कोणती संख्या आहे की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो? यातील ६१ ही प्रकृती, शोधायची संख्या कनिष्ठ, मिळणाऱ्या वर्गाचे मूळ ज्येष्ठ आणि मिळवायची संख्या क्षेप होय. एकेक संख्या घालून पाहण्याचा मार्ग येथे निरुपयोगी ठरतो, कारण सर्वांत लहान कनिष्ठ २२,६१,५३,९८० इतके मोठे आहे आणि त्याचे ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ आहे. फ्रान्समधील फर्मा यांनी १६५७ मध्ये समकालीन गणितज्ञांना आव्हान म्हणून जे प्रश्न घातले, त्यांतही हीच ६१ होती. भास्कराचार्यांनी मात्र हे उत्तर चक्रवाल पद्धतीने, मोजक्या पायऱ्यांत काढले आहे.

या पद्धतीचा पाया ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये सांगितलेली भावना हा आहे. दोन जोड्या घेतल्या, तर ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांचा प्रकृतीने गुणलेला गुणाकार मिळवून नवे ज्येष्ठ येते, एकीचे ज्येष्ठ आणि दुसरीचे कनिष्ठ यांच्या तिरप्या गुणाकारांची बेरीज हे नवे कनिष्ठ होते, आणि नवा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. आता ज्येष्ठ ८ आणि कनिष्ठ १ घेऊन आरंभ केला, तर ६४ मधून ६१ वजा जाऊन क्षेप ३ येतो. यानंतर अशी संख्या निवडायची की ती ८ मध्ये मिळवली असता ३ ने नि:शेष भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ती संख्या ७. तिच्या साहाय्याने नवे कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५, नवे ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९ आणि नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४ मिळतो; पडताळा पाहता ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ × २५ = १५२५. क्षेप −४ आला की ब्रह्मगुप्तांचा नियम लागू होतो: जोडी निम्मी करून ३९/२ आणि ५/२ घेतली की क्षेप −१ होतो, तिची स्वत:शीच भावना केली की १५२३/२ आणि १९५/२ ही क्षेप १ ची जोडी येते, हिची पहिल्या जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होऊन २९७१८ आणि ३८०५ मिळतात, क्षेप पुन्हा −१, आणि या जोडीची स्वत:शी भावना केली की वर दिलेले उत्तर हाती येते.

ही आकडेमोड बिनचूक आहे, परंतु ती दोन प्रश्न उभे करते. तिरपे गुणाकार करण्याचा हा नियम आला कोठून, आणि पूर्णांकांच्या प्रश्नात मधेच अर्धे घेण्याची मुभा कशी मिळते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की प्रत्येक जोडी म्हणजे वस्तुत: एकच संख्या आहे: ज्येष्ठामध्ये कनिष्ठाची √६१ पट मिळवून होणारी. अशा दोन संख्यांचा नेहमीचा गुणाकार केला की भावनेचा नियम आपोआप बाहेर पडतो, आणि क्षेप म्हणजे त्या संख्येचा तिच्या अनुबद्ध संख्येशी, म्हणजे √६१ चे चिन्ह उलटवून मिळणाऱ्या संख्येशी, केलेला गुणाकार ठरतो. या सर्व संख्या मिळून एक वलय होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून खोल आहे. ६१ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, त्यामुळे (१ + √६१)/२ ही दिसायला अपूर्णांक असलेली संख्या ‘क्ष² − क्ष − १५ = ०’ या समीकरणाचे, म्हणजे ज्याचा अग्रसहगुणक १ आहे अशा पूर्णांकी समीकरणाचे, मूळ असते आणि म्हणून तिला या व्यवस्थेत पूर्णांकाचाच मान द्यावा लागतो. जर्मन गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये बैजिक पूर्णांकांचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या दृष्टीने ब्रह्मगुप्तांचे अर्धे हे परके अपूर्णांक नसून मूळ वलयाचेच सभासद आहेत. त्या वलयात (३९ + ५√६१)/२ ही संख्या एकक आहे, म्हणजे तिचा व्यस्तही त्याच वलयात सापडतो. आणि भास्कराचार्यांचे उत्तर म्हणजे या एककाचा सहावा घात होय. एकके आपसांत गुणली तरी एककेच राहतात, म्हणून त्यांचा गट होतो, आणि अशा वर्गमूळी वलयातील सर्व एकके चिन्ह सोडता एकाच एककाचे घात असतात, हे १८४६ मध्ये डिरिश्ले यांनी सिद्ध केलेल्या व्यापक प्रमेयावरून निघते. भास्कराचार्यांच्या पद्धतीने उत्तर सापडते. वलय आणि गट या संकल्पनांमुळे ते का सापडते आणि दुसरी कोणती उत्तरे संभवतात हे कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भावनेत गटाची क्रिया दडलेली आहे यावरून ब्रह्मगुप्तांना किंवा भास्कराचार्यांना गट सिद्धांत ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून नाही. असा नियम ज्यांत लागू पडतो अशा सर्व व्यवस्थांचा एकत्र विचार करावा, हा प्रश्नच त्या काळी विचारला गेला नव्हता; स्वत: पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीसाठी उत्तर असतेच हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले, आणि खुद्द चक्रवाल पद्धत कधीही फसत नाही याची सिद्धता विसाव्या शतकात अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हटल्याने त्यांनी प्रत्यक्षात केलेल्या कामाची थोरवी वाढत नाही, उलट ते काम तपासून पाहण्याची निकड मात्र संपते.

आकडेमोड यशस्वी होते तेथे अमूर्त संकल्पना तिचे कारण सांगतात; ती अडते तेथे तर त्यांच्यावाचून पुढे जाताच येत नाही. √६१ च्या जागी √−५ घेऊन तयार होणाऱ्या वलयात ६ चे अवयव दोन रीतींनी पडतात: २ × ३ असे आणि (१ + √−५)(१ − √−५) असेही, आणि या चारही संख्या त्या वलयात आणखी फुटत नाहीत. पूर्णांकांचे मूळ अवयव एकाच रीतीने पडतात या विश्वासावर उभी असलेली सारी अंकगणिती पद्धत येथे कोसळते. या अडचणीवर १८४७ च्या सुमारास कुमर यांनी ‘आदर्श संख्या’ कल्पून उपाय काढला, आणि पुढे डेडेकिंड यांनी त्या काल्पनिक संख्येच्या जागी तिने भाग जाणाऱ्या सर्व संख्यांचा संचच ठेवला, ज्याला आज आयडियल म्हणतात. बेरीज केली तरी ज्याच्या बाहेर जाता येत नाही आणि वलयातील कोणत्याही घटकाने गुणले तरी जो संच आपल्यातच राहतो तो आयडियल, ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ करणाऱ्याला ती मनमानी वाटते. ६ च्या दुहेरी अवयवांशी झटापट केलेल्याला मात्र हरवलेली एकमेवता परत मिळवण्याचा तो मार्ग आहे हे उमगते.

बीजगणिताच्या इतर शाखांची उगमकथाही अशीच आहे. पाचव्या घाताचे समीकरण मुळांच्या सूत्राने का सुटत नाही या प्रश्नातून, १८३२ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी मरण पावलेल्या गाल्वा यांनी समीकरणाच्या मुळांची अदलाबदल करणारे गट शोधले. गटाच्या घटकांना आव्यूहांच्या रूपाने पाहण्यातून प्रतिरूपण सिद्धांत निघाला, सलग सममितींच्या अभ्यासातून ली गट आले, बहुपदींच्या वलयांतून क्रमनिरपेक्ष बीजगणित आणि बैजिक भूमिती उभी राहिली, आणि क्षेत्राऐवजी वलयावर सदिशांसारखी बेरीज-गुणाकाराची व्यवस्था मांडली असता मॉड्यूल ही संकल्पना आली. या सर्वांना जोडणारी भाषा म्हणून १९४५ मध्ये आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी कॅटेगरी सिद्धांत मांडला.

या प्रतिपादनावर एक वजनदार आक्षेप संभवतो. आधुनिक अमूर्त बीजगणिताला आजचे रूप देणाऱ्या एमी न्यॉटर यांनी आकडेमोडीला निग्रहाने बाजूला सारले होते, आणि त्यांच्या १९२१ च्या आयडियलविषयक निबंधापासूनच या शास्त्राने खरी झेप घेतली. मग आकडेमोडीचा आग्रह मागे नेणारा ठरत नाही काय? हिल्बर्ट यांनी १८८८ ते १८९० या काळात, पॉल गोर्डान यांची लांबलचक गणिते टाळून, एका सामान्य युक्तिवादाने अपरिवर्तनीयांचा, म्हणजे चले बदलली तरी न बदलणाऱ्या राशींचा, प्रश्न सोडवला, ही घटनाही याच बाजूने पुढे करता येईल. आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे, कारण सामान्य युक्तिवाद हजार गणितांचे काम एकदम करतो. तथापि न्यॉटर या गोर्डान यांच्याच विद्यार्थिनी होत्या आणि १९०७ च्या त्यांच्या प्रबंधात चौथ्या घाताच्या रूपांसाठी ३३१ राशी एकेक करून मांडलेल्या आहेत, हे विसरून चालत नाही. तो प्रबंध त्यांना पुढे स्वत:लाच नकोसा झाला, तरी काय टाळायचे आहे आणि ते टाळण्याने नेमके काय मिळवायचे आहे हे त्यांना हाताखालून गेलेल्या गणितांमुळे ठाऊक होते. शिवाय हिल्बर्ट यांच्या युक्तिवादाने अस्तित्व सिद्ध झाले तरी प्रत्यक्ष उत्तर हाती येत नव्हते. १९६५ मध्ये बुखबर्गर यांनी ग्रोबनर बेसिसची रीत दिली, तेव्हा ते बहुपदींच्या भागाकाराने, आणि पुढे संगणकावर, काढता येऊ लागले. आकडेमोडीतून निघालेली संकल्पना अशा रीतीने अधिक समर्थ आकडेमोड घेऊन परतते.

विसाव्या शतकात हीच भूमिका उघडपणे आणि आयुष्यभर मांडणारा गणितज्ञ मराठी होता. २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे जन्मलेले श्रीराम शंकर अभ्यंकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन हार्वर्डला गेले, तेथे ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवून पुढे पर्ड्यू विद्यापीठात स्थिरावले, आणि १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. बीजगणिताचे शालेय, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय असे तीन थर त्यांनी कल्पिले होते: पहिल्यात बहुपदी आणि घातश्रेणी, दुसऱ्यात वलये आणि आयडियल, तिसऱ्यात त्याहूनही अमूर्त यंत्रणा, आणि पहिल्या थराचे सामर्थ्य संपलेले नाही असा त्यांचा ठाम दावा होता.

हा दावा त्यांच्या मुख्य कामाच्या पायाशी असलेल्या एका साध्या उदाहरणात दिसतो. ‘य² = क्ष³’ या वक्राला आरंभबिंदूपाशी टोक आहे, म्हणजे तेथे तो गुळगुळीत नाही. यात य च्या जागी ‘क्ष × ट’ घातले की ‘क्ष²ट² = क्ष³’ मिळते, सामाईक अवयव काढला की ‘ट² = क्ष’ उरते, आणि हा तर टोक नसलेला साधा अन्वस्त होय. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमणारी ही अदलाबदल पुन:पुन्हा करून कोणत्याही बैजिक आकृतीचे सर्व दोष नाहीसे करता येतात काय, हा विविक्तता निरसनाचा प्रश्न. ज्या क्षेत्रांत एखाद्या मूळ संख्येइतक्या वेळा १ मिळवला असता शून्य येते, तेथे विकलनाची नेहमीची साधने निकामी होतात. अशा क्षेत्रांवरील पृष्ठांसाठी अभ्यंकरांनी हा प्रश्न १९५६ मध्ये सोडवला. जेथे असे घडत नाही त्या क्षेत्रांसाठी हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सर्व मितींत उत्तर दिले. पहिल्या प्रकारच्या क्षेत्रांवर सर्व मितींसाठीचे उत्तर मात्र आजही मिळालेले नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. ज्याँ-पियेर सेर यांनी १९५५ मध्ये विचारलेला प्रश्न असा होता की क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयावर, एखाद्या मुक्त मॉड्यूलचा सरळ हिस्सा असलेला प्रत्येक सांतजनित मॉड्यूल स्वत:ही मुक्त, म्हणजे सदिश अवकाशासारखा आधार असलेला, असतो काय. दोन चलांसाठी होकारार्थी उत्तर या संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दिले, आणि कितीही चलांसाठी ते १९७६ मध्ये क्विलन आणि सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे दिले. उच्च अमूर्ततेच्या भाषेत विचारलेला हा प्रश्न शेवटी आव्यूहाच्या एका ओळीवर येऊन ठेपतो: ज्या बहुपदींच्या योग्य पटींची बेरीज १ करता येते अशा बहुपदींची ओळ घेतली, तर ती निश्चयक १ असलेल्या चौरस आव्यूहाची पहिली ओळ होऊ शकते काय? वासरस्टाइन यांनी पुढे दिलेली सोपी सिद्धता ओळी-स्तंभांवरील क्रियांनी चालते. १९७६ मध्येच या संस्थेतील परिमला यांनी वास्तव संख्यांवरील दोन चलांच्या बहुपदींच्या वलयावर द्विघाती रूपांसाठी अशीच अपेक्षा खोटी ठरते हे विशिष्ट उदाहरणाने दाखवले. सामान्य सिद्धांताची सीमा आखायला शेवटी हाताने रचलेले उदाहरणच लागते.

अमूर्ताचा व्यावहारिक उपयोग विचारणाऱ्याला दूर जावे लागत नाही. खानदेशातच, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत दुकानावर चिकटवलेला क्यूआर कोड कोपऱ्यात मळला किंवा थोडा फाटला तरी वाचला जातो, याचे कारण त्यातील माहिती रीड आणि सोलोमन यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या संकेताने, २५६ घटकांच्या क्षेत्रातील सहगुणक असलेल्या बहुपदींच्या रूपाने साठवलेली असते. ते क्षेत्र असे तयार होते: सहगुणक फक्त ० आणि १, १ + १ = ०, आणि ‘क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + १’ ही बहुपदी शून्य मानायची. ६१ चे वर्गमूळ पूर्णांकांत नसताना, ‘वर्ग केला असता ६१’ एवढा एकच नियम देऊन ते व्यवस्थेत सामील करणे आणि ही बहुपदी शून्य मानून नवे क्षेत्र उभारणे, या एकाच कृतीच्या दोन आवृत्त्या आहेत. ज्याने पहिली कृती आकड्यांनी केली आहे त्याला दुसरी परकी वाटण्याचे कारण उरत नाही.

यावरून अध्यापनाविषयी एक निष्कर्ष निघतो. नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थी, ज्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा मावची, भिली किंवा अहिराणी असते आणि अनेकजण घरातून प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेले असतात, इंग्रजी पुस्तकांतील व्याख्यांच्या रांगेपुढे येतात तेव्हा त्यांच्यावर दुहेरी ओझे पडते: भाषेचे आणि प्रेरणाहीन व्याख्येचे. त्यांना विषय सोपा करून, म्हणजे व्याख्या गाळून, शिकवणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास जे ज्ञान इतरांना पूर्ण मिळते ते त्यांना अर्धे मिळेल. क्रम बदलणे हा उपाय आहे. वर्गप्रकृतीची आकडेमोड प्रथम हाताने करून घ्यावी, भावनेतून वलय आणि एककांचा गट दाखवावा, √−५ पाशी ६ चे अवयव फुटू द्यावेत, आणि मग आयडियलची व्याख्या द्यावी. या क्रमाला काही तासिका जास्त लागतील आणि एखादे प्रमेय अभ्यासक्रमातून वगळावे लागेल, ही किंमत खरी आहे. परंतु व्याख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ज्याला ठाऊक आहे तो वगळलेले प्रमेय पुढे स्वत: वाचू शकतो, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याने पाठ केलेली दहा प्रमेयेही परीक्षेपलीकडे टिकत नाहीत. व्याख्येच्या आधी तिची गरज शिकवणे हे अमूर्त बीजगणिताच्या शिक्षकाचे पहिले काम आहे, आणि खानदेशात तरी त्यासाठी लागणारे साहित्य परक्या ठिकाणाहून आणण्याची गरज नाही.